‘बोलीन थो’ : वऱ्हाडात उशिरा ओळखू येणारी मुलं

वऱ्हाडात एखादं मूल अडीच-तीन वर्षांचं होऊनही बोलत नसेल, तर घरात एक वाक्य हमखास ऐकू येतं : ‘बोलीन थो.’ त्यामागे पुरावाही तयार असतो. ‘त्याचा बाप बी पाचव्या वर्षी बोल्ला होता.’ कुणाचा मामा असाच होता, कुणाचा चुलता असाच होता, आणि आज तो बाजार समितीत सगळ्यांच्या वर आवाज काढतो. या वाक्यात पूर्ण खोटं काहीच नाही. काही मुलं खरोखर उशिरा बोलतात आणि पुढे बोलायची थांबत नाहीत. अडचण एवढीच, की समोरचं मूल त्यांतलं आहे की नाही हे ‘बोलीन थो’ म्हणणाऱ्याला त्या दिवशी ठाऊक नसतं. आणि ते शोधायची वाटही त्याच वाक्याने बंद होते.

गेली काही वर्षं मी अमरावती आणि अकोला जिल्ह्यांत, मुख्यतः दर्यापूर, मूर्तिजापूर, अकोट, अचलपूर या पट्ट्यात, अंगणवाड्यांत आणि घरांत जाऊन या गोष्टी ऐकत आलो आहे. मी डॉक्टर नाही, मानसशास्त्राची पदवीही माझ्याकडे नाही. मिळेल ते वाचून आणि जाणकारांच्या मागे लागून जे समजलं, तेवढ्याच बळावर लिहितो आहे. या फिरण्याला निघताना माझी समजूत सर्वसाधारण होती, की खेड्यात अज्ञान आहे, म्हणून मुलांचे विकार लक्षात येत नाहीत. पण आयांशी बोलत गेलो तसं वेगळंच दिसू लागलं. ‘मले तं थो सा महिन्याचा होता तवाच वाटलं होतं,’ हे वाक्य मी इतक्या आयांकडून ऐकलं आहे, की आता ते ऐकायला मिळालं नाही तर आश्चर्य वाटतं. लक्षात आलेलं असतं. लक्षात येणं आणि कुणी जाणकाराने मूल तपासणं, या दोन्हींच्या मधे तीन, चार, कधी सहा वर्षं जातात. मुलाच्या आयुष्यातली सर्वांत मोलाची हीच वर्षं.

आईच्या त्या ‘वाटण्या’ला शास्त्रातही किंमत आहे. तुर्कस्तानातल्या अंकारा येथील बालरोगतज्ज्ञ इल्गी एर्तेम यांनी बाळाच्या विकासावर लक्ष ठेवण्यासाठी एक पद्धत तयार केली. तिची सुरुवात आईला मोकळे प्रश्न विचारून होते : बाळाच्या वाढीबद्दल तुम्हाला कसली काळजी वाटते का, त्याला काय हवं ते तुम्हाला तो कसं सांगतो, वगैरे. चार देशांत तिचा अभ्यास झाला. त्यात भारतातलं काम मुंबईच्या ‘उम्मीद’ या बालविकास केंद्राने केलं, आणि २०१८ साली ते प्रसिद्ध झालं. आपल्याकडे मात्र सुनेला ‘तुले काय वाटते?’ असं विचारायची पद्धत दवाखान्यात नाही, घरात तर नाहीच.

आता मुळात विषय काय आहे ते सांगतो. बसणं, चालणं, ऐकणं, बोलणं, समजणं, माणसांशी नातं जोडणं, या गोष्टी मेंदूच्या वाढीबरोबर एका क्रमाने येतात. त्यांतली एखादी उशिरा आली तर त्याला विलंब म्हणायचं. येतच नसेल किंवा वेगळ्याच रीतीने येत असेल, तर विकाराची शंका घ्यायची. स्वमग्नता, बौद्धिक अक्षमता, सेरेब्रल पाल्सी, वाचा-भाषेचे विकार, ऐकण्यातला दोष, अपस्मार, अतिचंचलता, अध्ययन अक्षमता हे या घरातले प्रमुख सभासद. १९९५च्या अपंग व्यक्तींच्या कायद्यात सात प्रकार होते, त्यांत स्वमग्नतेला जागा नव्हती. २०१६च्या कायद्यात एकवीस प्रकार आले. पाच वर्षांच्या आतल्या मुलाच्या बाबतीत डॉक्टर पुष्कळदा नेमकं नाव देत नाहीत, ‘सर्वांगीण विकास-विलंब’ एवढंच लिहितात. अध्ययन अक्षमतेचं प्रमाणपत्र तर आठ वर्षांच्या आत देऊच नये असा नियम आहे. त्यामुळे चार वर्षांच्या मुलाला अक्षरं येत नाहीत म्हणून त्याला ‘डिस्लेक्सिया’ असल्याची कुजबुज करणारे हौशी लोक, विशेषतः २००७च्या ‘तारे जमीं पर’नंतरचे, थोडे सबुरीने घेतील तर बरं.

अशी मुलं किती? ‘प्लॉस मेडिसिन’ या नियतकालिकात २०१८ साली आलेल्या पाहणीत पलवल, कांगडा, धेनकानाल, हैदराबाद आणि उत्तर गोवा अशा पाच ठिकाणची दोन ते नऊ वर्षांची सुमारे चार हजार मुलं तपासली गेली. सहा वर्षांखालच्या मुलांत एकत्रित अंदाज ९.२ टक्के निघाला, सहा ते नऊ वयात १३.६ टक्के. ठिकाणागणिक फरक मोठा होता : लहान गटात २.९ पासून १८.७ टक्क्यांपर्यंत. वऱ्हाड त्या पाचांत नव्हतं, म्हणून आकडा जसाच्या तसा इथे आणून बसवता येणार नाही. तरी चाळीस मुलांच्या अंगणवाडीत सरासरीने तीन-चार मुलांकडे नीट पाहण्याची गरज असेल, एवढं धरून चालायला हरकत नसावी. त्या पाहणीत धोका वाढवणारी म्हणून जी कारणं दिसली ती आपल्या फार ओळखीची आहेत : घरी झालेलं बाळंतपण, जन्मल्यावर बाळ न रडणं, कमी वजन किंवा अपुरे दिवस, नवजात वयातलं आजारपण, मेंदूला झालेला संसर्ग, खुंटलेली उंची. मेळघाटाबद्दल बालमृत्यूंचे आकडे आपण दर पावसाळ्यात वाचतो. त्याच कारणांतून वाचलेल्या मुलांचं पुढे काय होतं, हे मात्र कुणी छापत नाही.

ओळखायचं कसं? इथे मला जरा रेंगाळावंसं वाटतं, कारण आपल्या घरांत एक जुनी चाचणी रोज संध्याकाळी होत असते. बाळाला कडेवर घेऊन आजी अंगणात येते आणि बोट वर करून चांदोबा दाखवते. लहान बाळ आधी आजीच्या तोंडाकडे बघतं, मग बोटाकडे. वर्षाच्या आसपास एक दिवस ते बोटाच्या रेषेत पुढे, थेट आभाळात बघतं. आणि मग आजीकडे वळून बघतं, तिलाही दिसला ना याची खात्री करायला. दोन माणसांचं लक्ष एका तिसऱ्या वस्तूवर जोडलं जाण्याची ही घटना आहे. तिला सामायिक लक्ष म्हणतात, आणि भाषा याच पायावर उभी राहते. ‘काऊ’ हा शब्द शिकायचा तर आई कुठल्या गोष्टीला काऊ म्हणते आहे ते आधी कळायला हवं.

पुढे दीड वर्षापर्यंत मूल स्वतः बोट दाखवू लागतं. त्यातही दोन प्रकार आहेत. बिस्किटाच्या डब्याकडे बोट करणं म्हणजे ‘मला दे’. छपरावरच्या माकडाकडे बोट करून आईकडे बघणं म्हणजे ‘ते बघ ना’. स्वमग्नतेची शंका घेताना हा दुसरा प्रकार फार महत्त्वाचा असतो. मूल आईचा हात धरून, तो सांडशीसारखा वापरून डब्यापर्यंत नेतं, पण तिच्या तोंडाकडे बघत नाही. दीड वर्षाचं झालं तरी काहीच ‘दाखवत’ नाही. वर्षाचं होऊन गेलं तरी नावाने हाक मारल्यावर वळत नाही. तर थांबू नये. एकाच खुणेवरून निदान होत नाही, हे खरं. तपासायला न्यायला मात्र एक खूण पुरते.

बाकी टप्पे थोडक्यात सांगतो. जागतिक आरोग्य संघटनेने भारतासह पाच देशांतल्या निरोगी मुलांवरून काढलेल्या मर्यादा अशा आहेत : आधाराशिवाय बसणं ३.८ ते ९.२ महिन्यांत, स्वतःचं स्वतः चालणं ८.२ ते १७.६ महिन्यांत. म्हणजे शेजारणीचं मूल नवव्या महिन्यात चाललं आणि आपलं चौदाव्यात, तर बिघडलं काहीच नाही. दीड वर्ष उलटलं तरी चालत नसेल तर दाखवलं पाहिजे. दोन वर्षांचं मूल ‘आई ये’, ‘दूद पायजे’ असे दोन शब्द स्वतःहून जोडत नसेल तरीही. आणि आधी आलेले शब्द किंवा हसणं-खेळणं नाहीसं झालं, तर वय कोणतंही असो, त्याच आठवड्यात दाखवावं. (पांगुळगाड्याबद्दल नेहमी विचारतात म्हणून सांगतो. उभं राहून ढकलायचा आपला लाकडी पांगुळगाडा वेगळा. मुलाला आत बसवायचा प्लॅस्टिकचा वॉकर चालणं लवकर आणत नाही, पडझड मात्र घडवतो. कॅनडाने २००४ साली त्याच्या विक्रीवरच बंदी घातली.)

हे टप्पे तपासायची देशी साधनंही आहेत. प्रमिला फाटक यांनी बडोद्याला भारतीय बाळांसाठी जी मोजपट्टी तयार केली, ती १९७० पासून वापरात आहे आणि १९९७ मध्ये सुधारली गेली. तिला प्रशिक्षित माणूस लागतो. तिरुवनंतपुरमच्या बालविकास केंद्रात डॉ. एम. के. सी. नायर आणि सहकाऱ्यांनी केलेला तक्ता मात्र कुणालाही वापरता येईल असा आहे. मुलाच्या वयावर पेन्सिल उभी धरायची. पेन्सिलीच्या डावीकडे पूर्ण संपलेली जी कामं मुलाला येत नाहीत, तिथे विलंब. आपल्या घरात पडून असलेल्या माता-बाल संरक्षण कार्डावरही टप्पे नि धोक्याच्या खुणा चित्रांसह छापलेल्या आहेत. मी पाहिलेल्या घरांत ते कार्ड रेशनकार्डाबरोबर प्लॅस्टिकच्या पिशवीत अगदी जपून ठेवलेलं असतं. लसीच्या तारखांचं पान बोटांनी काळं झालेलं, टप्प्यांचं पान कोरं करकरीत.

उशीर झाला की जी कारणमीमांसा सुरू होते ती ठरलेली. पोट्टं लाडाचं आहे. जीभ जड आहे, वेखंड उगाळून चाटवा. जिभेखालची शीर कापून आणा. आईने गरोदरपणी ग्रहण पाळलं नाही. यातलं शेवटचं मला सर्वांत जड जातं. आईवर खापर फोडायला फक्त आपलीच आजी पुढे असते असं नाही. १९४३ मध्ये लिओ कॅनर यांनी अमेरिकेत अकरा मुलांवरून स्वमग्नतेचं वर्णन केल्यानंतर पुढची दोन दशकं तिकडच्या विद्वानांनी हा विकार आईच्या थंडपणातून येतो असं सांगितलं. पुढे तो सिद्धान्त मोडीत निघाला. १९९८ मध्ये लसीवर ठपका आला. तो शोधनिबंध ‘लॅन्सेट’ने २०१० मध्ये मागे घेतला, पण व्हॉट्सॲपवर तो अजून ताजा आहे. आता ठपका मोबाइलवर आहे. मोबाइलमुळे स्वमग्नता होते असं म्हणता येत नाही. पण मोबाइल समोर असलेल्या मुलाशी कुणी बोलत नाही, हे तर दिसतंच. दोन वर्षांच्या आत पडदा नकोच, असं जागतिक आरोग्य संघटनेने २०१९ मध्ये सांगितलं आहे.

बोलत नसलेल्या मुलाची पहिली तपासणी कानांची. ‘माह्या लेकराले ऐकू येते, टीव्ही लागला का धावत येते,’ हे उत्तर पुरेसं नाही. काही मुलांना जाड आवाज ऐकू येतात आणि ‘स’, ‘श’, ‘फ’सारखे बारीक ध्वनी येत नाहीत. त्यांना जग अर्धवट पुसलेल्या पाटीसारखं ऐकू येतं. मूल झोपलेलं असताना ‘बेरा’ चाचणी करून हे कळतं. दुसरी तपासणी थायरॉइडची. हजार-बाराशे बाळांमागे एकाला जन्मतः ही उणीव असते. पहिल्या काही आठवड्यांत कळलं तर रोजच्या एका गोळीवर मूल इतरांसारखं वाढतं. वर्ष-दोन वर्षांनी कळलं तर गोळी तीच, पण मेंदूचं झालेलं नुकसान भरून येत नाही. ‘वाट पाहू’ या शब्दांची किंमत याहून स्वच्छ कुठे दिसत नाही.

सरकारी व्यवस्था कागदावर चांगली आहे, आणि हे मी उपरोधाने म्हणत नाही. राष्ट्रीय बाल स्वास्थ्य कार्यक्रम ६ फेब्रुवारी २०१३ रोजी आपल्याच राज्यात, पालघरला सुरू झाला. दोन वैद्यकीय अधिकारी, एक औषधनिर्माता आणि एक परिचारिका असं पथक अंगणवाडीत वर्षातून दोनदा येतं. शंका आली तर मूल जिल्ह्याच्या शीघ्र हस्तक्षेप केंद्रात पाठवायचं. तिथे बालरोगतज्ज्ञ, फिजिओथेरपिस्ट, वाचा-श्रवणतज्ज्ञ, मानसतज्ज्ञ, विशेष शिक्षक एकत्र असावेत अशी योजना आहे. पण हिशेब करून पाहा. पथक आलं त्या दिवशी मूल मामाच्या गावाला असेल, किंवा आई कापूस वेचायला गेली म्हणून तिच्याबरोबर बांधावर असेल, तर पुढची गाठ सहा महिन्यांनी. मेळघाटातली कोरकू कुटुंबं दिवाळीनंतर कामासाठी बाहेर पडतात ती होळीला परततात. शिवाय कोरकू ही मुंडा गटातली भाषा, मराठीशी तिचं नातं नाही. मराठीतून विचारलेल्या प्रश्नाला गप्प राहणारं मूल मंद असतंच असं नाही, आणि दोन भाषा कानावर पडल्याने वाचा लांबते हाही गैरसमज आहे. त्यातून शंका पक्की झालीच, तर धारणीहून अमरावती दीडशे किलोमीटरच्या घरात. एका खेपेला दोन माणसांची मजुरी बुडते, आणि उपचार म्हणजे अशा अनेक खेपा. एका सेविकेने मला सांगितलं, ‘भाऊ, चिठ्ठी तं मी देतो, पण चिठ्ठीच्या मागं गाडी कुठं हाये?’

म्हणून माझं लक्ष पुन्हा पुन्हा अंगणवाडीकडेच जातं. तिचा इतिहास फारसा कुणी या अंगाने पाहिलेला नाही. मारिया माँटेसोरी यांनी सुरुवात केली ती १९०० च्या सुमारास रोममध्ये, ‘मंद’ म्हणून बाजूला टाकलेल्या मुलांपासून. त्यांनी वापरलेली साधनं इतार आणि सेगाँ या फ्रेंच डॉक्टरांच्या कामातून आली होती, आणि त्या दोघांचं काम अशाच मुलांमधलं. ती मुलं शिकली, तेव्हा माँटेसोरींनी तीच साधनं १९०७ मध्ये सान लोरेन्झो वस्तीतल्या इतर मुलांपुढे ठेवली. ती पद्धत आपल्याकडे रुजवणाऱ्यांत गिजुभाई बधेका आणि ताराबाई मोडक. ताराबाई लग्नानंतर काही वर्षं अमरावतीत राहिल्या होत्या. पुढे बोर्डी-कोसबाडला त्यांनी शाळाच मुलांच्या अंगणात नेली आणि ‘अंगणवाडी’ हा शब्द दिला. २ ऑक्टोबर १९७५ रोजी एकात्मिक बालविकास सेवा योजना देशभरात तेहतीस प्रकल्पांनी सुरू झाली, तेव्हा महाराष्ट्रातल्या पहिल्या जागांत मुंबईची धारावी होती आणि अमरावती जिल्ह्यातली धारणी. तेव्हा ‘ही मुलं आमच्याकडे नकोत, विशेष शाळेत न्या’ असं एखाद्या ठिकाणी म्हटलं जातं, ते इतिहासालाही धरून नाही. खुंट्या आणि भोकांची ती फळी मुळात याच मुलांसाठी होती. केंद्र सरकारने नोव्हेंबर २०२३ मध्ये दिव्यांग बालकांसाठी अंगणवाडीची कार्यपद्धती जाहीर केली आहे. तीत ओळखणं, सामावून घेणं आणि पुढे पाठवणं अशा तीनही पायऱ्या सेविकेच्या कामात धरल्या आहेत. नोंदवह्यांचा ढीग मात्र जिथल्या तिथे.

निदान हाती येईपर्यंत हात बांधून बसायची गरज नाही, हे मला या सगळ्या शोधात सर्वांत उपयोगी वाटलेलं सत्य आहे. निदान चुकीचं ठरलं, मूल नुसतंच उशिरा बोलणारं निघालं, तरी यातल्या कशानेही नुकसान होत नाही. गोव्याच्या ‘संगत’ संस्थेने आणि पाकिस्तानात रावळपिंडीच्या गटाने मिळून दोन ते नऊ वर्षांच्या ६५ स्वमग्न मुलांवर एक चाचणी घेतली. ती २०१६ मध्ये प्रसिद्ध झाली. तज्ज्ञ नसलेल्या, प्रशिक्षण दिलेल्या कार्यकर्त्यांनी घरी जाऊन आईवडिलांना मुलाशी खेळण्याची रीत शिकवली. पालक मुलाच्या कलाने घेऊ लागले आणि मुलं स्वतःहून संवाद सुरू करू लागली. सामायिक लक्ष मात्र वाढलं नाही. म्हणजे जादू नाही, पण काहीतरी निश्चित आहे.

ती रीत साधी आहे. मूल ज्याकडे बघतंय त्याच्याबद्दल बोलायचं, आपल्याला हवं त्याबद्दल नव्हे. ते ताटली फिरवत असेल तर आपणही एक ताटली फिरवायची, त्याच्या समोर, त्याच्या उंचीला बसून. एक छोटं वाक्य बोलायचं आणि थांबायचं, मनात दहापर्यंत मोजायचं. आपण फार लवकर दुसरं वाक्य बोलतो. हवी ती वस्तू लगेच हातात न देता दोन वस्तू पुढे धरायच्या. काम तुकड्यांत मोडायचं : सदरा घालायला शिकवताना शेवटची ओढ आधी त्याला करू द्यायची. त्याला साहित्य घरातलंच लागतं, तुरी आणि वाल वेगळे करणं, ज्वारीच्या पिठाचा गोळा, पाण्याचे दोन तांबे. अकोट तालुक्यात एका आजीने नातवासाठी हे दीड वर्ष केलं. ती याला उपचार म्हणत नव्हती, ‘त्याच्यासंग बसणं’ म्हणत होती.

घराच्या मनातला खरा प्रश्न वेगळाच असतो, आणि तो बहुधा मी उठताना दारात विचारला जातो : आमच्यानंतर याचं काय? अचलपूरजवळच्या वज्झरला शंकरबाबा पापळकर यांनी सव्वाशेच्या आसपास अनाथ दिव्यांग मुलांना आपलं आडनाव दिलं. २०२४ मध्ये त्यांना पद्मश्री मिळाली. अठरा वर्षांनंतर अशा मुलांनी बालगृह सोडून जायचं कुठे, हा प्रश्न ते कित्येक वर्षं सरकारपुढे मांडत आले आहेत. ती मुलं टाकून दिलेली होती. घरातल्या मुलांसाठी १९९९चा राष्ट्रीय न्यास कायदा आहे. स्वमग्नता, सेरेब्रल पाल्सी, बौद्धिक आणि बहुविकलांगता असलेल्यांना त्याखाली कायदेशीर पालक नेमता येतो, आणि ‘निरामय’ विम्यात वर्षाला एक लाखापर्यंतचा वैद्यकीय खर्च निघू शकतो. हे मी सांगितल्यावर ऐकणारा बहुतेक वेळा पहिल्यांदाच ऐकत असतो. पण हे सगळं प्रमाणपत्रावर अडतं, आणि प्रमाणपत्राचा विषय निघाला की बाप म्हणतो, ‘एकदा कागदावर येडा लिहिलं का मंग कोन पुसते?’ त्याची भीती खोटी नाही. पण कागद नसतानाही गाव तोच शब्द वापरत असतं, फक्त मुलाच्या पदरात त्याबदल्यात काही पडत नसतं.

जिल्ह्याच्या केंद्रात जाताना सोबत काय न्यावं, हे विचारणाऱ्यांसाठी : माता-बाल कार्ड, बाळंतपणाचं डिस्चार्ज कार्ड (बाळ लगेच रडलं का, वजन किती होतं, काचपेटीत ठेवलं होतं का), काविळीचे किंवा झटक्यांचे कागद, आणि मुलाला काय काय येतं याची आईने सांगितलेली यादी. येतं ते आधी लिहावं, येत नाही ते नंतर. नव्या जागी मूल घाबरून रडतं आणि डॉक्टरांना खरं काहीच दिसत नाही, म्हणून ज्या फोनला आपण एवढ्या शिव्या घालतो त्याच्यावर घरच्या घरी एक चित्रफीत काढून न्यावी. दोन मिनिटांची पुरते. टीव्ही बंद ठेवून, फोन मुलाच्या डोळ्यांच्या उंचीला धरून, ते नेहमीसारखं खेळत असताना काढावी, आणि मधे एकदा, त्याला दिसणार नाही असं मागे उभं राहून, कुणीतरी त्याला नावाने हाक मारावी.